नदी दिसणारी खोली

सुट्ट्यांच्या आठवड्यात चोंगछिंगच्या स्टेशनातून माणसं बाहेर पडतात ती पिंप लवंडल्यासारखी. श्यांग देयू लोखंडी कठड्याला पाठ टेकवून त्या लोंढ्यासमोर उभी होती. हातात पुठ्ठा होता. त्यावर लाल रंगात ठळक लिहिलं होतं : राहायची सोय. खाली बारीक अक्षरांत : नदी दिसते.

पुठ्ठा नवा होता. ओल्या हवेत पुठ्ठे मऊ पडतात, कोपरे गळतात, मग ती दुकानामागच्या ढिगातून दुसरा उचलते. शब्द तेवढे जुनेच राहिले होते. तीही त्यांच्यासारखीच राहिली होती, जरा विटलेली.

बाहेर येणारी माणसं आताशा पुठ्ठ्याकडे बघत नाहीत. शहराकडेही बघत नाहीत. नाकासमोर फोन धरून, त्यात आधीच निवडून ठेवलेल्या पलंगाकडे चालत जातात. पूर्वी माणसं थांबायची, घाबरायची, घासाघीस करायची. "मावशी, खरंच नदी दिसते का?" असं विचारायची. त्या प्रश्नात थोडी माया असायची.

तिच्या शेजारी तेंग ताई उभी होती. तिच्याही हातात पुठ्ठा. दोघी एकाच चढावर राहत, एकाच फाटकापाशी गिऱ्हाईक गाठत आणि इतकी वर्षं एकमेकींची गिऱ्हाइकं पळवत आल्या होत्या. त्यातून मैत्रीच व्हायची राहिली होती, तीही झाली.

"लेक-जावई उद्या येतायत ना तुझी?" तेंग ताईने विचारलं.

"आज. याच गाडीनं."

"अगं मग पुठ्ठा कशाला धरलायस? जावयाला गिऱ्हाईक समजलीस का?"

"हातात काहीतरी लागतं," देयू म्हणाली.

"उतरणार कुठं?"

देयू गर्दीकडे बघत राहिली. "हॉटेलात."

"म्हणजे पुन्हा हॉटेलात."

"पुन्हा."

"आणि तुझी खोली?"

"आज रात्री रिकामी आहे. उद्या दुपारपासून हनानचं एक जोडपं येतंय."

तेंग ताईने तोंडातल्या सूर्यफुलाच्या बीचं टरफल थुंकलं. तिला सगळं ठाऊक होतं. चढावरच्या सगळ्यांनाच ठाऊक होतं.

लग्न झालेल्या लेकीनं माहेरच्या छपराखाली नवऱ्याबरोबर एका पलंगावर निजू नये. निजली तर माहेर खंगतं, घरातलं माणूस जातं. देयूच्या आईनं हे पाळलं, आजीनं पाळलं. युन लग्नानंतर पहिल्यांदा नवऱ्याला घेऊन आली, तेव्हा देयूनं जावयाचं अंथरूण बाहेरच्या खोलीत घातलं होतं. देयूचा नवरा छांगफू हसला. तो नदीवरच्या बोटींच्या इंजिनांवर काम करायचा, हसताना त्याच्या दातांनाही वंगणाचा वास यायचा. "इंजिनाला कुठं कळतं वर कोण कुठं झोपलंय ते!" म्हणाला, आणि स्वतः गादी उचलून आत नेऊन टाकली. युन आणि थोंग त्या खोलीत झोपले. नदीकडच्या खोलीत. त्याच वर्षी पानगळीत छांगफू कलिंगड घेऊन पायऱ्या चढताना बसला तो उठलाच नाही. कलिंगड गडगडत खालच्या रस्त्यापर्यंत गेलं आणि फुटलं नाही. कुणीतरी ते परत आणून दिलं.

दहनाच्या जागी, अस्थींची वाट बघत असताना, देयू लेकीला म्हणाली, "मी सांगितलं होतं, तिथं निजू नका."

एवढंच.  युन तेव्हा जे बोलली नाही, ते तिनं नंतरही कधी बोलून दाखवलं नाही. शेनयांगला निघून गेली. वर्षाकाठी येते, जेवते, भांडी घासते आणि हॉटेलात निजायला जाते.

खोली पाहुण्यांना द्यायची कल्पनाही युनचीच. तिनंच शेनयांगात बसून ती फोनवर चढवली, म्हणजे आईला स्टेशनात ताटकळावं लागू नये. तिनं लिहिलं होतं : शांत खोली. खिडकीतून नदी दिसते. मावशी सकाळी गरम शेवया करून देतात. देयूनं ते शेजारच्या पोराकडून वाचून घेतलं होतं. 'मावशी'पाशी ती थांबली होती. पुढचं तिनं ऐकलं नव्हतं.

कोण कधी येणार ते युन कळवायची. सुट्टीचे हे दिवस ती मोकळे ठेवेल असं देयूला वाटलं होतं. मग हनानच्या जोडप्याचा निरोप आला, नेहमीसारखाच, वेळ आणि नाव. लेकीनं आपल्या खोलीचं दार स्वतःच बाहेरून लावून घेतलं होतं.

"ऐक," तेंग ताई जवळ सरकली. "तुझ्या त्या खोलीत दर आठवड्याला जोडपी निजतात. तुझं काय वाकडं झालं?"

"ती गिऱ्हाइकं."

"तेच म्हणते मी! भाडं दिलं की दोष उतरतो. आमच्या गावाकडं असंच करतात. जावयाकडून एक युआन घे. झालं, पाहुणा झाला. निजू दे मग दोघांना पाय ताणून."

"लेकीकडून भाडं घेऊ?"

"लेकीकडून कोण म्हणतंय? जावयाकडून घे. आणि एक युआन म्हणजे काय भाडं आहे? एवढ्यात साधी भाकरी येत नाही."

 ते देयूच्या मनात उतरलं. थकलेल्या माणसाला उपाय लवकर पटतात.

ती दोघं बाहेर आली तेव्हा थोंग आधी दिसला. तो उंच होता, उत्तरेकडच्यासारखा रुंद, आणि दोन्ही बॅगा त्यानं एकाच हातात धरल्या होत्या. मागून युन. बारीक झाली होती. तिनं आईला बघितलं, मग पुठ्ठ्याला.

"आई, तो खाली ठेव ना."

देयूनं पुठ्ठा उलटा केला आणि छातीशी धरला.

"आई, यावेळी हॉटेल मी निवडलं," थोंग उत्साहानं म्हणाला आणि फोन तिच्या नाकापुढे धरला. "युनला म्हटलं, आईच्या जवळचंच बघू. हे बघा, तुमच्या घराला अगदी चिकटून!"

तेंग ताईनं मान लांब करून फोनमध्ये डोकावलं आणि खिदळली. "अहो जावईबापू, हे तर कड्याच्या खाली आहे!"

"खाली म्हणजे?"

"खाली म्हणजे खाली. ती राहते टाळूवर, तुम्ही उतरणार पायाच्या अंगठ्यापाशी. नकाशात चिकटूनच दिसणार."

थोंगनं फोन उभा धरला, आडवा धरला. "आमच्या शेनयांगला जवळ म्हणजे जवळ असतं," तो म्हणाला. युन हसली. खूप दिवसांनी हसली असावी असं देयूला वाटलं, आणि ते हसणं कुणासाठी होतं हे तिनं नीट बघून घेतलं. वाईट माणूस नव्हता. तो कधीच वाईट नव्हता.

जेवण नेहमीचं झालं. डुकराचं खारवलेलं मांस, लोणच्याच्या मुळ्याचं सूप, तेलात लाल झालेली मासळी. थोंगला तिरफळाची बधिरता सोसत नाही. ओठ हलवत, डोळ्यांतून पाणी काढत तो चौथ्यांदा भात वाढून घेत होता. "छान आहे, आई. तोंड कुठं गेलं कळत नाही, पण छान आहे."

भिंतीवर छांगफूचा फोटो होता. बाहेर धुकं खाली आलं होतं आणि नदी दिसत नव्हती, फक्त बोटींचे भोंगे ऐकू येत होते.

देयूनं दुपारीच नदीकडच्या खोलीत नव्या चादरी घातल्या होत्या. ती उठली, कपाटातून एक वाटी काढली. वाटीखाली लाल कागद घातला आणि ती थोंगपुढे ठेवली.

"थोंग, यात एक युआन टाक."

"कशाला, आई?"

"टाक म्हणते ना. मग आज इथंच राहा. दोघं."

थोंगनं खिसे चाचपले. नाणं कुठलं असायला! नाण्याला हात लावून त्याला वर्षं झाली असतील. मग दाराजवळ पाहुण्यांसाठी चिकटवलेला चौकोनी छाप त्याला दिसला. त्याच्यावर फोन धरून पैसे पाठवायचे, असं सगळेच पाहुणे करत. त्याला हा काहीतरी इकडचा खेळ वाटला असावा. हसत हसत उठला आणि फोन धरला.

स्वयंपाकघरातल्या, पैसे जमा झाले की बोलणाऱ्या छोट्या डबीतून, तिखट गोड आवाजात, बाई बोलली :

"एक युआन जमा झाला. आपल्या मुक्कामाबद्दल आभार."

युनच्या हातातल्या जेवायच्या काड्या थांबल्या.

तिला सगळं एका क्षणात कळलं. ती याच चढावर वाढली होती. तिनं काड्या वाडग्यावर आडव्या ठेवल्या.

"म्हणजे आता दोष लागणार नाही ना?" तिनं विचारलं.

"अगं, तसं नाही. तेंग म्हणाली..."

"गिऱ्हाईक झालो आम्ही."

"मी तुला घरात निजवायचं म्हणून..."

"बाबा गेले ते आम्ही भाडं दिलं नव्हतं म्हणून. हो ना? तेव्हाच सांगायचं होतंस. दिलं असतं."

थोंग उभाच होता, फोन हातात, हसू अजून चेहऱ्यावर अर्धवट. "काय झालं? मी जास्त दिले का?"

"ऊठ," युन त्याला म्हणाली. तो उभाच होता तरी म्हणाली. दारात चपला घालताना तिनं आईकडे बघितलं नाही. "मासळी झाकून ठेव. मांजर येतं."

त्यांची पावलं पायऱ्यांवरून खाली जाताना बराच वेळ ऐकू येत राहिली. या शहरात माणूस लगेच निघून जात नाही. आधी खाली जातो, मग आणखी खाली.

दुसऱ्या दिवशी झिमझिम होती. देयूनं वाटी परत कपाटात ठेवली, लाल कागद चुलीत टाकला. नदीकडच्या खोलीतल्या चादरी तशाच ताठ होत्या. दुपारी हनानचं जोडपं येणार होतं, म्हणून तिनं पाणी भरलं, फरशी पुसली, खिडकीची काच पुसली. काचेपलीकडे धुकं होतं, ते तिला पुसता येण्यासारखं नव्हतं.

दुपार कलायला लागली तेव्हा दार वाजलं. युन एकटीच होती. केस कपाळाला चिकटलेले, श्वास तुटत होता. कड्याच्या पायथ्यापासून चढून आली होती.

"पाणी आहे?"

देयूनं गरम पाणी दिलं. युन उभ्यानंच प्यायली.

"जावई?"

"रांगेत आहे. इमारतीतून आरपार रेल्वेगाडी जाते ना, ती बघायची आहे त्याला. लोक वरती तोंड करून, आ वासून उभे असतात, गाडी गिळल्यासारखा फोटो काढतात." ती थांबली. "मी त्या गाडीनं कॉलेजात जायचे. त्याला म्हटलं, तू गीळ, मी जाते."

कालचं कुणीच काढलं नाही. देयूनं शेवयांसाठी पाणी ठेवलं. डबीतून बाई काही बोलली नाही. युन बोलता बोलता उठली, नदीकडच्या खोलीच्या दारात उभी राहिली आणि आत बघत राहिली. भिंतीवर लहानपणी तिनं लावलेली चित्रं काढून टाकलेली होती. पाहुण्यांना भिंती कोऱ्या लागतात. तिनंच तसं कळवलं होतं.

"पलंग तोच आहे?"

"तोच. गादी नवी."

"काल झोपच नाही लागली. खाली गाड्या रात्रभर वाहतात." ती पलंगाच्या काठावर बसली. "जरा बसते."

देयू तिखट, व्हिनेगर, कांद्याची पात घालून वाडगा तयार करून आली, तोवर युन आडवी झालेली होती. एका कुशीवर, गुडघे पोटाशी, हात गालाखाली. चाळिशीकडे झुकलेली बाई आणि निजायची तऱ्हा तीच. देयूनं वाडगा बाहेर नेऊन ठेवला. शेवया फुगतील. फुगू देत.

मग फोन वाजला. हनानची माणसं होती. बायको बोलत होती, धापा टाकत. "मावशी, आम्ही पायऱ्यांपाशी आलोय. वर किती आहे अजून?"

देयू जिन्याच्या तोंडाशी गेली, दार मागे ओढून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "चढू नका. खोली नाही."

"नाही म्हणजे? आम्ही ठरवलीय! पैसे भरलेत!"

"पैसे परत मिळतील. तिथंच थांबा, एक बाई येईल न्यायला. तिची खोली चांगली आहे."

"नदी दिसते का?"

"दिसते," देयू म्हणाली. "जरा मान वळवावी लागते."

पलीकडे नवरा काहीतरी ओरडत होता. फसवणूक हा शब्द तिला ऐकू आला. इतक्या वर्षांत तिनं माणसं ओढून आणली होती, विनवून आणली होती, एकदा तर एका म्हाताऱ्याची बॅगच उचलून चालू पडली होती. आपल्या दारातून कुणाला परत धाडायची तिच्यावर पाळी आली नव्हती. तिनं तेंग ताईला फोन लावला.

"काय? तुझी गिऱ्हाइकं मला?" तेंग ताई किंचाळली. "ताप आलाय का तुला?"

"ने त्यांना. पायऱ्यांपाशी उभी आहेत."

"अगं पण का?"

"ने म्हणते ना. आणि ओरडू नकोस. आवाज बाहेर येतो."

थोड्या वेळानं थोंग आला. भिजलेला, पायांत चिखल, नवे पांढरे बूट तपकिरी झालेले. जावयाचा तो उत्साह पायऱ्यांनी शोषून घेतला होता. "ही इथं आहे ना? फोन उचलत नाही."

"निजलीय."

"उठवतो. संध्याकाळी बोटीवरून दिवे बघायचेत. तिकिटं काढलीत." तो दबक्या पावलांनी आत गेला.

देयू स्टुलावर बसून वाट बघत राहिली. आतून बोलण्याचा आवाज येईल, मग पलंग वाजेल, मग दोघं बाहेर येतील. काहीच आलं नाही. शेवयांवरचं तेल गोठून त्याची साय झाली. शेवटी ती उठली आणि दारातून डोकावली.

थोंग पलंगाच्या काठावर बसला असावा युनला हाक मारायला. बसल्या बसल्याच मागे कलंडला होता. पाय जमिनीवर, बूट पायांत, तोंड उघडं, हात युनच्या पाठीवर पडलेला. दोघंही झोपली होती. थकलेल्या माणसांची झोप असते तशी, निरोप न घेता गेल्यासारखी.

देयूचा हात चौकटीवर होता. आता उठवायला हवं होतं. एक हाक पुरली असती. तिला पायऱ्या दिसल्या, कलिंगड दिसलं, हिरवं, ओलं, कुठंही न फुटता गडगडत जाणारं. तिनं मागं वळून भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. छांगफू फोटोत हसत नव्हता. फोटोवाल्यानं हसू दिलं नव्हतं. त्यानं गादी उचलून आत नेली होती ती कुणाच्या भीतीनं नव्हे, लेक आली याच्या आनंदानं. आणि तो गेला. या दोन गोष्टींच्या मध्ये तिनं इतकी वर्षं एक दोरी बांधून ठेवली होती. त्या दोरीवर फक्त तीच कपडे वाळत घालत होती.

आता त्या दोषापायी या घरातून जाण्यासारखं उरलेलं माणूस म्हणजे ती स्वतःच होती. हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिला जरा हलकं वाटलं आणि जरा लाजही वाटली.

ती वाकली. गुडघे किरकिरले. तिनं थोंगच्या बुटांच्या नाड्या सोडल्या, एकेक बूट ओढून काढला, पाय उचलून वर पलंगावर ठेवले. फार जड होते. तो काहीतरी उत्तरेकडच्या बोलीत पुटपुटला आणि युनच्या जवळ सरकला. नव्या पांढऱ्या चादरीला चिखल लागला. देयूनं पायथ्याची रजई दोघांवर ओढली आणि दार लोटलं. कडी लावली नाही, पण दार चौकटीला पूर्ण टेकवलं.

स्वयंपाकघरात येऊन तिनं डबीची वायर काढून टाकली, म्हणजे त्या बाईनं कुणाचे आभार मानायला नकोत. बूट चुलीशेजारी उभे करून ठेवले. मग ती स्टुलावर बसून ऐकत राहिली. काही पडतं का, काही तडकतं का, छातीत काही होतं का. काही झालं नाही. काही होणारच असेल तर ते आज कळणार नव्हतं. तेव्हाही ते पानगळीपर्यंत कळलं नव्हतं. वाट बघायची तिला सवय होती. ती स्टेशनात उभी राहून दुसरं काय करत आली होती?

फोन वाजला. तिनं झटकन उचलला. तेंग ताई.

"तुझं जोडपं माझ्या डोक्यावर बसलंय. खिडकी पसंत नाही म्हणतात. मान अवघडते म्हणे. तुझी खोली रात्रीपर्यंत मोकळी होईल का विचारतायत."

"नाही होणार."

"का? आत आहे कोण असं?"

देयूनं बंद दाराकडे बघितलं. आतून घोरण्याचा आवाज येत होता. तो जावयाचा असावा. त्याच्याखाली दुसरा एक श्वास होता, तो तिला वेगळा ओळखता येत होता.

"घरचीच आहेत," ती म्हणाली आणि फुगलेल्या शेवया ओतून देऊन, नवं पाणी ठेवायला उठली.